वर आलेलं तेल

मिरजगावच्या पुढं, सोलापूरच्या रस्त्यावर, सूर्यभान मैलकुली होता. रस्त्याचा एक तुकडा त्याला नेमून दिलेला. त्यावरचे खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, मैलाच्या दगडाला चुना लावायचा. काम फार मोठं नव्हतं, पण सरकारी होतं, आणि तो ते मनापासून करी. माणूस अबोल. आनंद झाला तरी फावडं जरा जोरात चालायचं, एवढंच.

त्याच्या बायकोला, चांगुणाला, छातीचं दुखणं लागून वर्ष होत आलं होतं. खोकला, सांजेचा बारीक ताप, आणि अंग असं झडत गेलं की मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. नगरच्या मिशनच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला तेव्हा क्षय निघाला. डॉक्टरीणबाईंनी सुया लिहून दिल्या, गोळ्या दिल्या, आणि लहान मूल घरात ठेवू नका म्हणून बजावलं. मूल म्हणजे मुक्ता, पाच वर्षांची. तिला श्रीगोंद्याला आजीकडं धाडलं. निघताना पोर रडली नाही. आईच रडली, तीही तोंडाला पदर लावून, पोरीपासून लांब, गोठ्याच्या खांबाला धरून.

गोळ्यांबरोबर दवाखान्यातून एक डबा मिळे. अमेरिकेहून आलेला, पिवळ्या पत्र्याचा. आत शेंगदाण्यांचा मऊ तपकिरी लगदा असे, लोण्यासारखा. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, औषध रोगाला मारतं, पण माणसाला उभं करायला अन्नच लागतं. दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी, भाकरीला लावून नाहीतर नुसतं, पण खायचंच. पहिल्या दिवशी ते चांगुणाच्या टाळूला चिकटून बसलं. खळ चाटल्यावानी वाटतं, म्हणाली. मग सवय झाली, आणि पुढं तर आवडायला लागलं. वरून खालपर्यंत एकसारखं असायचं ते. पहिला चमचा तसाच शेवटचा. तिला त्याचं फार नवल वाटे. एवढे दाणे दळून कुठं थेंबभर तेल सुटलेलं दिसत नाही, गोऱ्या लोकांनी ते कसं काढून घेतलं असेल, असं ती दोनचारदा बोललीही होती. सूर्यभाननं हसून सोडून दिलं होतं.

चार महिन्यांत काटा पुढं सरकला. बांगड्या खाली उतरल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन असंच वाढत राहिलं आणि थुंकी साफ निघाली, तर नागपंचमीला मुलीला घरी आणा. त्या दिवसापासून त्या घरात पंचमी हा एकच सण उरला.

त्या थंडीत पाकिस्तानशी लढाई झाली. चावडीवरच्या रेडिओनं जिंकल्याचं सांगितलं तेव्हा गावात गूळ वाटला, सूर्यभाननंही खाल्ला. त्या लढाईचा आपल्या फळीवरच्या डब्याशी काही संबंध असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. पण पुढच्या खेपेला डबा मिळाला नाही, त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. अमेरिका आपल्यावर रुसली आहे, आता यायचे नाहीत, असं औषधं देणारा म्हणाला. सूर्यभानचं तोंड उतरलेलं पाहून डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं. त्यात एवढं काय आहे, दाणेच तर आहेत, घरी करा. भाजा, सालं काढा, बारीक वाटा, चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा घाला. डब्यातल्यापेक्षा घरचं चांगलंच, त्यात कसली भेसळ नसते.

एस.टी.त बसून घरी येईपर्यंत सूर्यभान ते मनाशी घोकत होता.

आदला पावसाळा कोरडा गेला होता. शेंगा दिसेनात, तेलासाठी तर रेशनच्या दुकानापुढं बाया भांडायच्या. मिरजगावच्या बाजारात गनीभाईंचं भुसारी दुकान होतं. त्यांनी बियाण्यासाठी राखलेल्या पोत्याचं तोंड सोडलं. पेरायला पाऊस येतोय कुठं, म्हणाले, निदान कुणाच्या पोटात तरी जाऊ दे.

दाणे आले, पण वाटायचे कुणी? वरवंट्याच्या दोन फेऱ्यांत चांगुणाला धाप लागली. शेजारी सूर्यभानची थोरली चुलती साळूबाई राहायची. ती जिवाला जीव देणारी, पण दुखण्याच्या धास्तीनं उंबऱ्याच्या आत पाय टाकत नव्हती. जे बोलायचं ते कुडावरून. शेवटी सूर्यभाननंच धोतराचा काचा मारला आणि पाट्यापुढं उकिडवा बसला. त्या गावात पाट्यावर बसलेला बाप्या कुणी पाहिला नव्हता. साळूबाईनं कुडावरून मान काढली.

"सूर्यभाना, आता कुकू लाव न् काकनं भर. लुगडं माझं देते."

"तुझं जुनेर नगं, नानी. नवं काढ," तो म्हणाला, आणि वाटत राहिला.

दाण्याचं आधी कूट झालं, मग गोळा, मग गोळ्यानं तेल सोडलं आणि वरवंटा घसरायला लागला. खांदे भरून आले. रिकामा पिवळा डबा घासूनपुसून ठेवलेलाच होता, त्यात त्यानं ते भरलं आणि बोटानं काठ निपटून चांगुणापुढं धरलं. तिनं चाखलं. त्या लोकांच्यापरीस चव हाय ह्याला, म्हणाली. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर त्याचं फावडं जोरात चालत होतं.

तेव्हापासून दर रविवारी तो पाट्यावर बसे. आणि त्याला एक गोष्ट जाणवायला लागली. चांगुणाच्या हाताला पुन्हा चव आली होती. आजारपणात ती कसंबसं पिठलं ढवळायची, कोरडी चटणी करायची. आता चटणी लसलशीत लागायची, पिठल्यावर तवंग दिसायचा, वांग्याच्या भाजीची फोडणी बाहेर रस्त्यापर्यंत वास मारायची. बाईमाणूस रांधायला मन लावायला लागलं म्हणजे दुखणं उतरणीला लागलं, असं त्याचं गणित. तेल कुठून आणतेस, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. असल्या गोष्टी पुरुष विचारत नसत. ताटात पडलं ते जेवायचं, अशीच रीत.

दुपारी निंबाखाली सगळे मैलकुली भाकरी सोडायचे. पलीकडच्या मैलाचा काकासाहेब जिभेनं आगाऊ. तो आपल्या भाकरीचा तुकडा सूर्यभानच्या चटणीत बुडवून म्हणायचा, "आमच्या घरी तेल देवाला न्हाई, न् ह्याच्या चटनीत म्हस डुंबंल. घरात घाना घातलास का रं?"

सूर्यभान नुसता हसायचा. त्या उन्हाळ्यात त्याच्या गालावर तकतकी आली होती, तीही काकासाहेबानंच सगळ्यांना दाखवली.

चांगुणाच्या गालावर मात्र काही येत नव्हतं. उन्हाळा आहे, सगळेच वाळतात, असं सूर्यभान म्हणे. खोकला पुन्हा वाढला तेव्हा धुळीनं वाढला म्हणाला. बांगड्या वर सरकलेल्या त्यानं पाहिल्या होत्या की नव्हत्या, कोण जाणे. कदाचित पाहूनही पाहिल्या नसतील. चटणी इतकी चांगली होत होती.

जेठ सरता सरता ते नगरला गेले. चांगुणा काट्यावर चढली. डॉक्टरीणबाईंनी काट्याकडं पाहिलं, तिला उतरायला सांगितलं आणि पुन्हा चढायला सांगितलं. गेल्या खेपेला काटा थोडाच मागं आलेला होता. आता पार पहिल्या दिवसाच्याही मागं गेला होता. त्यांनी फोटो काढायला धाडलं. तो उजेडासमोर धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारपूस सुरू झाली. गोळ्या रोज घेतेस का? घेते. दाण्याचं वाटण खातेस का? खाते की, चारी चमचे. चांगुणानं पिशवीतून डबाच काढला. प्रवासात चुकू नये म्हणून तिनं तो बरोबर घेतला होता.

डॉक्टरीणबाईंनी चमचा घातला. तो रुतेना. आत कोरडा, भुरभुरीत चोथा होता, पेंडीसारखा.

"यातलं तेल कुठं गेलं?"

चांगुणा बावरली नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर, शाळेतल्या पोरीला उत्तर येत असावं, तसं काहीसं आलं. "रोज वर येतं, बाई. ते मी निथळून घेते. आमच्या नानी म्हनल्या, खोकल्याला तेल म्हंजी वैरी. न् तुमच्या डब्यात तरी कुठं हुतं तेल? तेबी काढलेलंच की. मी त्याच्यावानीच करून खाते."

"आणि काढलेलं तेल?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि पदर सारखा केला. "टाकीन व्हय? दुकानात थेंब मिळंना. ह्यांच्या चटनीला घालते. दिसभर उन्हात खडी वढत्यात."

मग डॉक्टरीणबाई हळू आवाजात सांगत गेल्या. त्या डब्यातलं तेल काढलेलं नसतं, कारखान्यात ते आतल्या आत थिजवून जिरवलेलं असतं, म्हणून वर येत नाही. घरच्या वाटणात ते वर येणारच, ढवळून पुन्हा एकजीव करायचं असतं. तेच तर तुला हवं होतं. ढवळा म्हणून सांगायला हवं होतं, माझ्या मनातच आलं नाही. पुढं असंही म्हणाल्या, की नुसतं त्यानंच झालं असं समजू नका, या गोळ्या तिला लागू पडेनाशा झाल्यात, दुसरं औषध मुंबईहून मागवते, येईल तेव्हा येईल. पण सूर्यभानला ते पुढचं ऐकू आलं नव्हतं. तो डब्याकडं बघत होता. तेल काढून उरते ती पेंड, आणि पेंड कुणाला घालतात, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

एस.टी.त चांगुणा खिडकीशी बसली. त्याचा मैल आला. चुना लावलेले दगड एकामागून एक मागं गेले. ती म्हणाली, दगड चांगले दिसतात. त्यानं तिकडं पाहिलं नाही. थोड्या वेळानं तिला त्याच्या मनातलं कळलं असावं.

"गेलं ते काय वाया न्हाई गेलं," ती म्हणाली. "तुमच्या अंगात गेलं न्हवं?"

सूर्यभाननं तोंड दुसरीकडं केलं. पुढच्या बाकावरच्या माणसाच्या पागोट्याकडं तो गाव येईपर्यंत बघत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे कामावर निघण्याआधी डबा घेऊन बसे. वर तेल आलेलं असे. तो उलथण्याच्या दांड्यानं तळापासून ढवळी, तेल पार दिसेनासं होईपर्यंत, आणि चमचा तिच्या तोंडाशी नेई. खोकल्याला तेल वैरी, हे साळूबाईनं पुन्हा काढलं तेव्हा, सगळ्या जन्मात पहिल्यांदा, तो चुलतीवर ओरडला. म्हातारी कुडामागं गेली, आणि नंतर तिकडून हुंदके ऐकू येत राहिले. तिनंही भलं म्हणूनच सांगितलं होतं. चांगुणानंही भलं म्हणूनच केलं होतं. भांडायला कुणी हाती लागत नव्हतं.

पण आता तिच्या पोटात ते ठरत नव्हतं. पहिला चमचा ती त्याच्यासाठी गिळी, दुसरा उलटून पडे. मग पहिलाही. नुसतं जिभेला लावून ती डोळे मिटायची. एकदा म्हणाली, तुमची चटणी कोरडी पडली असंल. त्यानं डबा खाली ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

पंचमी आली. पाऊस नव्हताच, झाडाला झोके बांधले, पण झुलायला पोरी निघाल्या नाहीत. श्रीगोंद्याहून मुक्ताला घेऊन यायचं कुणी काढलं नाही. चांगुणानं एवढंच विचारलं, आज पंचमी का? सूर्यभान म्हणाला, उद्या हाय. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही.

आता स्वयंपाक साळूबाई करून कुडावरून द्यायची. दुपारी निंबाखाली सूर्यभाननं भाकरी सोडली. काकासाहेबानं सवयीनं तुकडा पुढं केला आणि चटणीचा रंग पाहून थांबला.

"का रं, घाना बंद पडला का?"

"व्हय," सूर्यभान म्हणाला.

काकासाहेबानं तुकडा मागं घेतला.

घरी फळीवर पिवळा डबा तसाच होता. त्यातलं कमी होत नव्हतं, म्हणून तेल रोज जास्तच वर येत होतं. मुंबईचं औषध अजून आलेलं नव्हतं. पहाटे उठून सूर्यभान ते तेल पुन्हा खाली ढवळत होता, आणि चांगुणा अंथरुणातून त्याच्या हाताकडं बघत होती. त्याला बरं वाटावं म्हणून तिनं तोंड उघडून ठेवलेलं असे.