चाकावरची रेघ

परक्या शहरातल्या त्या इस्पितळासमोर गाडी दोनच तास उभी करता यायची. पार्किंगचा शिपाई चाकावर खडूची रेघ ओढून जायचा आणि दोन तासांनी ती तशीच दिसली की दंड. म्हणून मुलगा दर दोन तासांनी आजारी बापाच्या उशापासून उठायचा, गाडी हलवून नवी जागा शोधायचा आणि धापा टाकत परत यायचा.

आज डॉक्टरांनी आशा सोडली होती. तरी मुलाने किल्ली उचलली, तशी त्याची म्हातारी आई करवादली, "बस खाली. गाडीचा मुलगा आहेस की ह्यांचा? त्या मेल्या रेघेकडे मी बघते."

पाच मजले उतरून ती चाकाशी वाकली, पदराला थुंकी लावून रेघ पार पुसून काढली आणि लढाई जिंकल्यासारखी वर आली.

मुलगा बापाचा हात धरून बसला होता. त्याचा चेहरा बघूनच तिला कळलं.

"काही बोलले?"

"तू कुठे गेलीस विचारलं. म्हटलं, शिपायाला फसवायला. हसले, आई. म्हणाले, मग त्याचं काही खरं नाही."

म्हातारीने डोळे हातानेच पुसले. पदराचं काळंपांढरं टोक तिने मुठीत धरून ठेवलं होतं.