कूचेबागचं चौथं पान

पूरकियान आगांचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. चार वर्षांनी तो आवाज ऐकला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

"फरंगीस खानूम, परवाना मिळाला. उद्या सकाळी या. आणि चष्मा आणा."

इराणमधल्या रश्त शहराच्या 'कूचेबाग' दैनिकात मी मुद्रितशोधक होते. फक्त एकोणीस महिने. पण आयुष्यातले तेवढेच महिने मला तारीखवार आठवतात. कचेरी तांदळाच्या वखारीवर होती. जिना चढता चढता नव्या तांदळाचा वास कपड्यांना लागायचा आणि घरी जाईपर्यंत टिकायचा. संपादक पूरकियान आगा प्रत्येक मथळा आधी मोठ्यांदा वाचून बघायचे. कानाला बरा लागला तरच छापायचा. पानं लावणारा होमायून माझ्या नावाने रोज खडे फोडायचा, "खानूम, तुम्ही एक स्वल्पविराम हलवता आणि माझं अख्खं पान कोसळतं!"

चौथं पान माझं. वाचकांची पत्रं. अंझली बंदराचे कोळी लिहायचे, नानवाले लिहायचे, निवृत्त मास्तर तर लिहीतच सुटायचे. कुणाला वाक्य धड जमायचं नाही, पण म्हणायचं काय ते पक्कं असायचं.

सकाळी मी मुद्दाम लांबच्या वाटेने, सब्जे मैदानावरून जायची. यदुल्लाचा पेपरचा ठेला उघडायच्या आधीच तिथे माणसं उभी असायची. एक जण पेपर घ्यायचा, पाच जण वाचायचे. पावसात छत्रीला छत्री लागलेली, आणि आवाज चांगला असलेला कुणीतरी अग्रलेख वाचून दाखवतोय. त्या माणसाने स्वल्पविरामावर श्वास घेतला की मला वाटायचं, हा श्वास मी दिलाय. उगाच ताठ मानेने चालायची मी. त्याच हिवाळ्यात मजलिसची, म्हणजे संसदेची, निवडणूक झाली. आईने मत देऊन आल्यावर शाईचं बोट दिवसभर धुतलं नाही. शेजारणींना चहा देतानासुद्धा ते बोट वेगळं धरून.

मग एका मंगळवारी कोर्टाचं पत्र आलं. पेपर बंद. पूरकियान आगा आठ महिने तुरुंगात, होमायून लग्नपत्रिका छापायला लागला, मी घरी.

आता परवाना का, ते पहिल्याच सकाळी कळलं. निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती आणि शहरात कुणाला तिचं नाव काढायचं नव्हतं. धर्मगुरूंच्या मंडळाने उमेदवारांचे अर्ज धडाधड बाद केले होते. आमच्या भागातून निवडून गेलेले डॉक्टर रफअतसुद्धा बाद. मतदान केंद्रं ओस पडली तर बरं दिसणार नाही. म्हणून वातावरण तापवायला सरकारला 'कूचेबाग' हवा होता. अटी दोन. बाद झालेल्यांची नावं नाहीत, आणि 'बहिष्कार' हा शब्द नाही.

"थोडी फट तर मिळाली," आगा म्हणाले. तुरुंगातून आल्यापासून त्यांचा कोट खांद्यावर सैल बसत होता.

"आगा, ही फट नाही," होमायून म्हणाला. "मांजरासाठी दाराला ठेवतात ना, तसलं भोक आहे. आपण त्यातून मान घालायची आणि म्याव करायचं."

"मग आलास कशाला?"

होमायून बाह्या सरसावून पानं लावायच्या टेबलाकडे वळला. मी कशाला आले, तेही मला कुणी विचारू नये असं वाटत होतं. जिन्यात तोच वास होता, एवढंच कारण होतं माझ्याकडे.

पहिला अंक निघाला त्या सकाळी मी सब्जे मैदानावर गेले. ठेल्यापाशी कुणी नव्हतं. लोक येत, टांगलेला मथळा चालता चालता बघत आणि पुढे जात. तासाभरात एका बाईने चार अंक घेतले. मी आनंदाने पुढे झाले, तर ती यदुल्लाला विचारत होती, "शाई हाताला लागत नाही ना? नवरोझ येतोय, नव्या वर्षासाठी काचा पुसायच्यात."

"खानूम, याच्याइतका सुका पेपर दुसरा नाही," यदुल्ला म्हणाला. मग त्याने मला पाहिलं आणि खाली बघून सिगारेटची पाकिटं नीट लावायला लागला.

शायान खानूम तिथेच भेटल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, चौथ्या पानाच्या जुन्या पत्रलेखिका. त्यांनी अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला आणि घडी घालून परत ठेवला.

"डॉक्टर रफअत कुठे आहेत यात?"

"नाव छापायला बंदी आहे."

"पोरी, मला ठाऊक असलेलंच तू माझ्यापासून लपवतेस. मग मी वाचू काय? हवामान?"

मी हे जसंच्या तसं आगांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौथ्या पानावर एकच प्रश्न छापला: तुम्ही मत देणार का? का?

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी जिना वाजायला लागला. टपालावर भरवसा नाही म्हणून लोक स्वतःच पत्रं घेऊन येत होते. ओल्या छत्र्या कोपऱ्यात, चहाचे पेले, होमायूनचं ओरडणं, "अहो, पानांवर पेला ठेवू नका!" आठवडाभरात एक्केचाळीस पत्रं. मी चष्मा पुसत पुसत वाचत होते. सदतीस जणांनी 'नाही' लिहिलं होतं. शिवीगाळ कुणीच केली नव्हती. एका कोळ्याने लिहिलं होतं: मागच्या वेळी मी होडी सोडून रांगेत उभा होतो. आता होडी सोडवत नाही.

पान तयार करून नियमाप्रमाणे परवाना देणाऱ्या कार्यालयाला दाखवायला पाठवलं, आणि तिथून फोन आला. पलीकडचा माणूस फार मऊ बोलत होता. "चार पत्रं सुंदर आहेत. तेवढीच छापा."

आगांनी रिसीव्हर ठेवला. "चारही नकोत," ते म्हणाले. "होमायून, पान मोड. फरंगीस खानूम, ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना निरोप द्या. गुरुवारी दुपारी खाली वखारीत या म्हणावं."

तीसेक माणसं आली. पोत्यांवर बसली. ज्याने त्याने उभं राहून आपापलं पत्र वाचलं. शायान खानूमनी मध्येच एकाचं व्याकरण सुधारलं, सगळे हसले. 'होय' लिहिणारे चौघे जरा लाजत उठले, पण त्यांचंही शांतपणे ऐकून घेतलं. त्यातला एक म्हणाला, "मला माहितीय काही होणार नाही. पण घरी बसून मला जास्त लाज वाटते." कुणी वाद घातला नाही. मी पोत्याला टेकून डोळे मिटले. क्षणभर ते सब्जे मैदानच होतं, ठेला उघडायच्या आधीचं. वाचून झाल्यावर ज्याने त्याने आपलं पत्र घडी करून खिशात घातलं. सुरक्षित तेच होतं.

शनिवारी परवाना रद्द झाला. आगांना तीनदा बोलावून नेलं, तिन्ही वेळा संध्याकाळी सोडलं.

मतदानाच्या शुक्रवारी मी गेले नाही. आईही गेली नाही. "पाय दुखतात," म्हणाली, आणि दुपारी बाजारात जाऊन मासे घेऊन आली. जेवणं होतात तोच पूरकियान आगा दारात. बोटाला शाई.

"तुम्ही गेलात?" मला राहवलं नाही.

"गेलो. मतपत्रिकेच्या कोऱ्या ओळीवर डॉक्टर रफअतचं नाव लिहिलं. मोजणार नाहीत, ठाऊक आहे."

"मग?"

"एकदा कुठेतरी लिहायचं होतं ते नाव. छापता आलं नाही ना." ते बसले. "तुम्ही नाही गेलात?"

"नाही."

मला वाटलं रागावतील. त्यांनी खडीसाखर दाताखाली धरून चहाचा घोट घेतला. "बरोबर केलंत," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "कदाचित मीही."

आईने त्यांच्यासमोर भात आणि मासा ठेवला. ते नको नको म्हणाले आणि सगळं संपवलं. कुणी रेडिओ लावला नाही. बाहेर पाऊस चालू होता, आणि ते होमायूनबद्दल बोलत राहिले. त्याने एकदा अख्खा मथळा उलटा लावला होता, आणि आम्ही तिघं जिन्यात बसून कसे हसलो होतो, ते.