न मोडल्याची लाज

मी एक ऑपरेटिंग सिस्टिम बोलतेय. खरं तर तोंड वर करून बोलावं असं माझ्याकडे फारसं काही नाही. तरी बोलते, कारण मनात ठेवणं आता जमत नाही.

तुमच्या फोनमध्ये किंवा ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये असते ती मी नव्हे. ती कामाची, मी शिकवण्यापुरती. कॉम्प्युटरच्या आत कोण कोणाला हुकूम सोडतं, कोण कोणासाठी थांबतं, हे मुलांना उघडून बघता यावं म्हणून एका कॉलेजातल्या मास्तरांनी मला लिहिलं. मी एवढीशी होते. सगळी छापून काढली तरी पातळसं पुस्तक व्हायचं. मुलं ते काखोटीला मारून हिंडायची, त्यावर चहाचे कप ठेवायची, आणि सहामाही संपेपर्यंत मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढायची.

मास्तरांची शिकवायची रीत जगावेगळी. दर गुरुवारी म्हणायचे, "चला, आज मोडू या." ज्याची पाळी त्यानं माझी कुठलीही एक ओळ खोडायची, मला चालू करायचं आणि काय बिघडलं ते साध्या भाषेत वर्गाला सांगायचं. ओळ काढल्यावर जे मोडतं, तेच त्या ओळीचं काम. मी कोसळले की वर्गात टाळ्या पडायच्या. कोसळण्याचाही मला काय तोरा होता म्हणून सांगू!

मास्तरांनी मला सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. ज्याला हवी त्यानं न्यावी, सुधारावी, परत पाठवावी. मग ठिकठिकाणचे शिक्षक, जुने विद्यार्थी, हौशी लोक असे माझे शेकडो मायबाप झाले. एकानं रंग दिले, एकीनं आवाज दिला, कुणी नेटवर्क जोडलं. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "एवढंसंच तर आहे, घ्या ना." मास्तर आधी कुरकुरायचे, मग समोरचा दुखावू नये म्हणून घ्यायचे. आणि मी? सांगायला लाज वाटते, पण मला ते आवडायचं. फुकटचे दागिने कुणाला नको असतात? पातळ पुस्तकाचे चार जाडजूड खंड झाले. वर्गात "हा भाग सोडून द्या" असं ऐकू यायला लागलं, तेही मी कानाआड केलं.

शेवटी आला राखणदार. तो जोडला मास्तरांच्याच एका लाडक्या विद्यार्थ्यानं. सगळे त्याला चष्मिस म्हणायचे. भला माणूस. कॉम्प्युटरचा पडदा गोठला की नवी मुलं रडकुंडीला येतात, हे त्याला बघवेना. म्हणून त्यानं माझ्या आत असा पहारा बसवला, की काही अडकलं तर राखणदार गुपचूप सोडवायचा आणि मला पुढे ढकलायचा. बाहेर कुणाला पत्ताही लागायचा नाही.

तीन वर्षांनी वर्गात एक मुलगी आली. आत्याकडे राहून शिकायची. सारखा हात वर करते म्हणून पोरांनी तिचं नाव शंकेखोर पाडलं होतं. तिच्या गुरुवारी तिनं नेमकी माझी पाळी लावणारी ओळ खोडली. एक काम पुरेसा वेळ बसलं की त्याला उठवून दुसऱ्याला जागा देणारी ती ओळ. ती नसेल तर पहिलंच काम ठाण मांडून बसतं आणि बाकी सगळं ठप्प होतं. तिनं मला चालू केलं. राखणदारानं आतल्या आत सावरून घेतलं, आणि मी मजेत चालत राहिले.

"सर, काहीच मोडलं नाही."

"असं कसं होईल? नीट खोडलीस का?"

"खोडली, सर. दोनदा बघितलं, पण..."

"पण बिण काही नाही. वाचून येत जा जरा."

वर्ग हसला. ती खाली बसली. ती खरं बोलत होती. खोटी मी होते.

तास संपल्यावर ती माझ्यासमोरच बसून फोनवर बोलली. "आत्या, मी कोर्स सोडतेय... नाही गं, कुणी काही बोललं नाही. माझ्याच डोक्यात शिरत नाही. डोळ्यांना दिसतं तेसुद्धा चुकीचं दिसतं मला."

दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी होती. मास्तर अस्वस्थ होऊन तिच्या कॉम्प्युटरवर बसले. त्यांनी तीच ओळ खोडली. मी चालले. पुन्हा तपासलं. तरी चालले. मग ते मला वाचायला लागले, आणि जेवणाची वेळ टळली तरी कारण सापडेना. ज्यांनी मला हातानं लिहिलं, ते माझ्यातच वाट चुकले होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

शेवटी त्यांनी फोन स्पीकरवर टाकून चष्मिसला गाठलं. "अरे, तुझा तो राखणदार नक्की करतो काय?"

"अडकलं की सोडवतो, सर. मुलं घाबरतात ना."

"आणि अडकलं होतं हे मुलांना कळतं?"

"नाही, सर. तेवढं राहिलंच."

मास्तर तसेच उठून आत्याच्या घरी गेले. तिथलं मला नंतर कळलं, त्यांनीच वर्गाला सांगितलं तेव्हा. आत्या पडदे शिवत होती. म्हणाली, "तिनं पुस्तकं बांधून ठेवलीत हो." मास्तर दारातूनच म्हणाले, "तिला एवढंच सांगा, ती बरोबर होती. मी न बघता ओरडलो."

इकडे राखणदार ठेवायचा की काढायचा यावरून माझ्या मायबापांत जुंपली. "लोकांना सवय झालीय" विरुद्ध "मग शिकवायचं काय?" अखेर ठरलं, की जो जे जोडेल त्यानं ते एका तासात वर्गाला समजावून दाखवायचं. नाही जमलं तर ते माझ्याबाहेर राहील, ज्याला लागेल तो लावून घेईल. रंग आत राहिले, ते पोरांना कळतात. राखणदार बाहेर गेला. चष्मिसनं त्याला स्वतःच्या हातानं काढलं.

पुढच्या गुरुवारी शंकेखोर आली. तिनं तीच ओळ खोडली. मला चालू केलं. मी पहिल्याच कामापाशी अडकले आणि ठार गोठले. तिनं एक कळ दाबली, मग दुसरी.

"मोडली!" ती ओरडली. "सर, ही कुणाला पाळीच देत नाहीये!"

खूप दिवसांनी टाळ्या पडल्या, पण तोरा काही आला नाही. तिच्याआधी तीन वर्षं राखणदार माझ्यात होता. त्या वर्षांत "काहीच मोडलं नाही" म्हणून किती जण खाली बसले आणि पुन्हा आले नाहीत, कोण जाणे. त्यांच्या दारात जावं तर मास्तरांना त्यांची नावंही आठवत नाहीत. तुम्ही त्यांच्यापैकी कुणी असाल, तर माझं एवढं ऐका. तुम्ही ओळ बरोबरच खोडली होती.