पाठीवरची बारा बटणं

मी एक जुना खोटारडा आहे, मित्रांनो. हे नाव मला कारखान्यातल्या कामगारांनी ठेवलं आहे आणि ते खोटं नाही.

दिसायला मी चार चाकांवर उभा केलेला एक लाकडी फळा. माझ्या छातीवर एक लहानशी मोटर, एक फ्यूज, एक दिवा आणि लाल बटण आहे. पाठीवर मात्र कुलपाच्या झडपेआड बारा बटणं दडलेली आहेत. त्यांतलं एक दाबलं, की माझ्यात एक मुद्दाम केलेला बिघाड होतो. तो शोधत शोधत माणसं यंत्र दुरुस्त करायला शिकतात. माझ्यात वीज इतकी कमी, की चुकलं तरी कुणाला धक्का बसत नाही. मला घडवणारा वायरमन शेवटचा स्क्रू पिळताना म्हणाला होता, "बाबा रे, तुझ्यावर कुणी विश्वास ठेवला, तर तू वाया गेलास."

सुरुवातीला मी एका प्रशिक्षण केंद्रात होतो. तिथे माझ्यावर धूळच जास्त बसली. मालक मंडळी म्हणत, "दोन दिवस माणसं तुमच्याकडे पाठवली, तर माल काय भुतं भरणार?" त्यांचंही खरंच होतं. मग केंद्रातल्या मास्तरांनी युक्ती काढली. माणसं फळ्याकडे येत नाहीत ना, मग फळाच माणसांकडे जाईल! मला चाकं लागली. पाळी बदलायच्या वेळी अर्धा तास, जिथलं काम तिथेच शिकणं. मी कारखान्या-कारखान्यांतून फिरू लागलो. माझं फार कौतुक झालं.

मला मात्र ते कौतुक पचेना. खोके भरण्याच्या एका कारखान्यात तर सगळेच्या सगळे पास होऊ लागले. मॅनेजरसाहेबांनी प्रमाणपत्रांनी भिंत भरून टाकली. मला वाटे, एवढी हुशार माणसं एकाच छपराखाली? नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय.

ते मुरत होतं मास्तरांच्या बोटांत. कामाच्या घाईत ते बटणं नेहमी एकापासून ओळीने दाबत. कामगारांनी ती ओळच पाठ केली होती. "पहिलं फ्यूज, दुसरं तार, तिसरं लाल बटण..." डबा खाताना ते एकमेकांकडून घोकून घेत. माझ्याकडे बघतही नसत.

बघायची ती एकटी मावशी. ती खोके भरायच्या लाइनवरची जुनी कामगार. प्रत्येक तारेला टेस्टर लावून बघायची, म्हणून तिचा अर्धा तास तीन बिघाडांतच संपायचा आणि ती नापास व्हायची.

"मावशी, नवऱ्याचे खिसे तपासल्यासारखं काय तपासताय?" कुणीतरी टोमणा मारी.

"खिशात निदान काहीतरी सापडायचं. तुमच्या डोक्यात तेही नाही," ती म्हणे.

तिची सख्खी भाची त्याच लाइनवर होती. तिने बाराच्या बारा बिघाड सात मिनिटांत सांगितले. साहेब खूश झाले. "सोमवारपासून ही नव्या मोठ्या यंत्रावर."

मावशी पुढे आली. "साहेब, तिची परीक्षा परत घ्या. मास्तर, या खेपेला ओळीने नको, मधलंच कुठलंही बटण दाबा."

साहेबांनी भुवया चढवल्या. "स्वतःला जमत नाही म्हणून पोरीला पाडताय होय?"

"मावशी, शोभतं का हे तुला?" भाचीचा चेहरा लाल झाला.

"न शोभू दे. सोमवारी तू त्या यंत्रात हात घालणार. संध्याकाळी मला तुझी दहाच्या दहा बोटं मोजून हवीत."

मास्तर नाखुशीनेच माझ्या पाठीशी गेले आणि त्यांनी एकदम शेवटचं बटण दाबलं. बारावं बटण माझं सगळ्यांत लबाड. त्याने मोटर थांबते, दिवाही विझतो, पण आत वीज तशीच राहते. ओळीत ते नेहमी शेवटी येई, म्हणून त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं, पण तो बिघाड कुणी नीट पाहिलाच नव्हता.

मोटर थांबली. भाचीने ऐटीत सांगितलं, "दिवा गेला, म्हणजे वीज गेली. फ्यूज!" आणि तिने उघड्या तारांकडे हात नेला.

मावशीने तिचं मनगट गच्च धरलं. दुसऱ्या हाताने टेस्टर टेकवला. टेस्टर लख्ख पेटला.

माझ्यापाशी तिला काहीच झालं नसतं. पण तेच नव्या यंत्रापाशी झालं असतं तर? भाचीने हात मागे घेतला आणि कितीतरी वेळ पदराखाली धरून ठेवला.

साहेबांनी भिंतीवरची प्रमाणपत्रं उतरवली, स्वतःच्या हाताने. मास्तर खाली मान घालून म्हणाले, "चूक माझी आहे. तुमचं यंत्र खरंच कशाकशाने अडतं, ते आधी मला सांगा." त्या दिवसापासून मी याच कारखान्यात मुक्कामाला आहे; कुठलं बटण दाबायचं याची चिठ्ठी डब्यातून निघते आणि झडपेची किल्ली मावशीकडे असते. आता पास व्हायला लोकांना दोन-दोन महिने लागतात. मावशीही पास झाली, आणि तिच्यानंतर भाची.

मित्रांनो, आता माझी चाकं कुरकुरतात. केंद्रात एक नवा, संगणकाच्या पडद्याचा फळा आला आहे म्हणे. येऊ दे बापडा. माझं मागणं एवढंच, की त्यालाही पाठ करू नका. त्याच्यावर भरपूर संशय घ्या.

रोज काम संपलं, की मावशी माझी विजेची पिन स्वतःच्या हाताने काढते आणि तरीही एकदा टेस्टर लावून बघते. मला मुळीच वाईट वाटत नाही. इतकी माया मला दुसऱ्या कुणी लावलेली नाही.