शब्दाआधीचा घास

सय्यद मुतह्हरबाबांची कीर्ती खोरंभर होती, आणि ती फुगवलेली आहे हे फक्त बाबांना ठाऊक होतं. लोक म्हणत, बाबा बोलू लागले की तलवारी म्यान होतात. बाबांना वाटे, कंटाळून होत असतील.

या खेपेला मात्र थट्टा नव्हती. विहिरीवरच्या भांडणात सुऐदने मुक्बिलचा एकुलता मुलगा मारला होता आणि तो बाबांच्या पणजोबांच्या कबरीपाशी आसऱ्याला बसला होता. तिथे कुणी शस्त्र उपसत नसे. पण बाहेर पाऊल टाकलं की मेलाच. म्हणून बाबा मुक्बिलच्या दारी शिष्टाईला गेले.

रीत साधी होती. यजमान जेवण मांडतो, मागणारा हात आवरून म्हणतो, आधी शब्द दे, मग खातो. पाहुणा उपाशी उठला तर टोळीची नाचक्की, म्हणून शब्द मिळतो. पण त्याआधी घास घेतला तर मागणं तिथेच संपलं.

बाबांनी वाटभर भाषण घोकलं होतं. तेवढ्यात बोकडाचं मटण आलं, वर तुपाची धार. बाबा क्षमेचं महत्त्व आठवत राहिले आणि हाताने आपलं काम उरकलं. घास तोंडात गेल्यावर त्यांना कळलं. थुंकावा तर अन्नाचा अपमान, गिळावा तर सुऐदचा जीव. एवढे मोठे मध्यस्थ गाल फुगवून बसून राहिले.

मुक्बिलचा भाऊ म्हणाला, "झालं! बाबा जेवायलाच आले होते म्हणायचे."

बाबांनी घास गिळला. लाजेने त्यांचे डोळे भरून आले.

"मुक्बिल, मी खादाड आहे रे. आता मागायचा हक्क गेला माझा. पण माझ्या पोटाची शिक्षा त्याला देऊ नकोस."

मुक्बिल ताटाकडेच बघत होता.

"माझा पोरगा असाच होता," तो म्हणाला. "पाहुण्यांच्या आधी हात घालायचा. परवापरवापर्यंत फटके मारायचो त्याला." मग त्याने ताट बाबांच्या पुढ्यात सरकवलं. "सुऐदला घरी जाऊ द्या. तुम्ही जेवा, बाबा."

आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या घशाखाली घास उतरेना, आणि मुक्बिल समोर बसून आग्रहाने वाढत राहिला.