हाताने चालतं

हाताने चालवलं की चालतं, वेळापत्रकावर टाकलं की मरतं. गेले कित्येक आठवडे मी हे एकच वाक्य जो भेटेल त्याला ऐकवते आहे. घरातल्यांचे कान किटले आहेत, आणि माझं तोंडही दुखायला लागलं आहे.

काम तसं क्षुल्लक. मी ज्या रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटर सांभाळते, तिची एक शाखा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. तिथे रात्रभर तपासण्या चालतात. पहाटे आमच्या मुख्य कॉम्प्युटरने शाखेच्या कॉम्प्युटरला हुकूम सोडायचा, की बाबा रे, रात्रीचे रिपोर्ट गोळा कर आणि इकडे पाठव. रुग्णालयातले डॉक्टर वॉर्डात फिरायला निघायच्या आत ते त्यांच्या हातात असावे लागतात. हा हुकूम वर्षानुवर्षं ठरल्या वेळी आपोआप सुटत होता. मग आमचा मुख्य कॉम्प्युटर बदलला आणि तेव्हापासून तो सुटेनासा झाला. बरं, बिघडलं म्हणून कुठे चकार शब्द नाही. वेळ येते, वेळ जाते, रिपोर्ट येत नाहीत.

म्हणून रोज पहाटे मी उठते. नवरा कूस बदलून पुन्हा घोरायला लागतो, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून, मुख्य कॉम्प्युटरात शिरून तोच हुकूम माझ्या हाताने सोडते. माझ्या हाताने तो गरीब गाईसारखा चालतो.

मी काही कमी खटपट केली नव्हती. आपोआप चालणाऱ्या कामाला माणसाइतकं भान नसतं, कुठली वस्तू कुठे ठेवली आहे तेही त्याला सांगावं लागतं. ते सगळं सांगून झालं. शाखेच्या कॉम्प्युटरात शिरायच्या डिजिटल किल्लीला पासवर्ड होता, तो नसलेली नवी किल्ली करून झाली. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना. दर वेळी काहीतरी बदलायचं, हाताने चालवून बघायचं, छान चालायचं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा शुकशुकाट. शेवटी मी हात टेकले.

साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही चालवलं की चालतंय ना? मग अडचण काय आहे?"

अडचण मी आहे, असं सांगणार होते. पण त्यांच्याशी वाद घालण्याइतकी झोप झाली नव्हती.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे असतात. त्यांनाही पहाटे जाग येते. स्वेटरची बटणं वरखाली लावून ते येतात आणि माझ्या समोरच्या खुर्चीवर बसतात. मी पडद्यावरून नजर काढत नाही. ते काहीतरी विचारतात, मी हो म्हणते. गॅस बंद केला का, दार लावलं का, असलंच काहीतरी असणार. मग ते थोडा वेळ बसतात आणि उठून गॅलरीत जातात.

गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर माझे डोळे खोल गेलेले पाहून दादा म्हणाला, "तुझी फार ओढाताण होतेय गं. बाबांना मी घेऊन जातो. रविवारी येतो." दादाकडे बाबा पूर्वी राहून आले आहेत. तो आणि वहिनी सकाळी बाहेर पडतात ते दिवेलागणीला परततात. बाबा दिवसभर टीव्हीतल्या माणसांना उत्तरं देत बसायचे. परत आले तेव्हा वाळले होते, आणि मला म्हणाले होते, "काही झालं तरी आता तिकडे नको धाडूस."

त्यामुळे या वेळी ते चिडतील, निदान एक दिवस अबोला धरतील, असं मला वाटलं होतं. ते नुसतं "बरं" म्हणाले. माळ्यावरची बॅग मला काढायला लावली, स्वतः फडक्याने पुसली, दाढीचं सामान सोडून सगळं भरूनही ठेवलं. मला वाईट वाटलं. सुटल्यासारखंही वाटलं. आधी कुठलं वाटलं ते विचारू नका.

शुक्रवारी पहाटे नेहमीसारखी बसले. हुकूम लिहिला, एंटर दाबलं, आणि तेवढ्यात मागे दूध उतू गेलं. धावले. गॅस बंद करा, ओटा पुसा, शेगडीखाली गेलेलं निपटून काढा, त्यात बराच वेळ गेला. तोंडाचा पट्टा चालूच होता. परत येऊन बघते तर रिपोर्ट आले नव्हते. पडद्यावर एक प्रश्न होता, आणि त्यापुढे उघडझाप करणारा ठोकळा.

पलीकडचा कॉम्प्युटर ओळखीचा नाही. तरी पुढे जायचं का? हो की नाही?

मी खुर्चीत बसले ती बसलेच. हा प्रश्न मला नवा नव्हता. तो रोज येत होता. रोज माझी बोटं हो लिहून मोकळी होत होती, आणि मी त्याला काम म्हणून मोजलंच नव्हतं. आपोआप सुटणाऱ्या हुकमाला बोटं कुठली? तो विचारत असणार, कोणी उत्तर देत नसणार, आणि बिचारा तिथेच मान टाकत असणार.

मग पुढचं भराभर सापडलं. कॉम्प्युटर बदलताना ओळखीच्या यंत्रांच्या यादीला चुकून कुलूप लागलं होतं. मी हो म्हटलं तरी ओळख लिहून ठेवली जात नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. आणि माझ्या आधी या खुर्चीत बसणाऱ्या महाशयांना तक्रारींच्या मेलचा कंटाळा असावा, कारण हुकूम फसला की उमटणारी तक्रार परस्पर कचऱ्यात जाईल, अशी एक ओळ त्यांनी कुठेतरी आत खुपसून ठेवली होती. ती काढली. शाखेतल्या तंत्रज्ञाला फोन करून ते यंत्र त्यांचंच असल्याची खात्री केली, यादीचं कुलूप काढलं, ओळख एकदाची लिहिली. हुकमाला थोड्या वेळाने सुटायला सांगितलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले.

तो सुटला. आपला आपण. रिपोर्टांची रांग पडद्यावर उतरली, आणि मला आनंद वगैरे काही झाला नाही. फक्त झोप आली.

बाबा केव्हाचे समोर येऊन बसले होते. त्यांनी काहीतरी विचारलं, आणि माझ्या तोंडातून गेलंच, "हो."

ते मान हलवून उठायला लागले. माझे हात अजून मांडीवरच होते.

"काय विचारलंत, बाबा?"

"काही नाही गं. रोजचंच."

"रोजचं काय?"

"जाऊ दे. तू काम कर."

"काम झालं. काय विचारलंत ते सांगा."

ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "हेच, की माझी अडचण होते का तुला."

"आणि मी काय म्हणते?"

"हो म्हणतेस." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मला राग नाही हो त्याचा. दुसऱ्या कुणी तोंडदेखलं नाही म्हटलं असतं. तू खरं सांगितलंस, म्हणून तर दादाला बरं म्हणता आलं."

किती पहाटे हा माणूस एवढं एकच विचारायला उठून आला होता, आणि किती पहाटे मी मान वर न करता त्याला घराबाहेर काढलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "नाही होत अडचण. मी ऐकतच नव्हते, बाबा. काय विचारताय ते मी कधी ऐकलंच नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, समोरचा माणूस ओळखीचा आहे का ते बघावं तसं.

"रोज हो म्हणायचीस," ते म्हणाले, "आज नाही म्हणतेस. मी कुठलं खरं धरू?"

मी उठले, त्यांच्या स्वेटरची बटणं सोडली आणि पहिल्यापासून नीट लावली. त्यांनी लावू दिली.

"उद्या परत विचारा," मी म्हटलं. "परवाही विचारा."

"परवा दादा येतोय."

"दादाला मी फोन करते."

बाबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. गॅलरीत जाऊन आपल्या जागी बसले. बॅग दाराशी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं काही कारण नव्हतं. रिपोर्ट आपोआप येणार होते. तरी मी उठले, लॅपटॉप न उघडता टेबलाशी बसले, आणि बाबांची खोली उघडायची वाट बघत राहिले.