टँकरच्या आधी शब्द

हळू उघडा हो, दचकतो मी! मी एक इंग्रजी भेदकोश बोलतोय. सारख्या अर्थाच्या शब्दांतला बारीक फरक सांगणं, हा माझा जन्मजात धंदा.

नगरच्या कापडबाजारातून मला आणलं ते हेडक्लार्क आबासाहेबांनी. तालुक्याच्या एका कचेरीत, त्यांच्या टेबलावर माझी स्थापना झाली. हळदकुंकू तेवढं राहिलं! कुठलाही अर्ज आला की आबासाहेब आधी चष्मा पुसत, मग मला उघडत. मला वाटे, केवढा मान आपला!

मग बहात्तर साल आलं. पाऊस फिरकलाच नाही. गोजरबाई आपल्या गावासाठी टँकर मागायला आल्या. आबासाहेबांनी माझं एकशे बारावं पान काढलं.

"बाई, पाऊस नाही ते ड्राउट. पुरत नाही ती स्केअर्सिटी. माणसं मरायला लागली की फॅमिन. वर इंग्रजीत कळवायचंय. तुमच्याकडं नेमकं काय आहे?"

"सात हिरी हायेत, सायेब. पानी न्हाई."

"कोणी मेलं का?"

"अजून न्हाई. किती मेल्यावर येऊ?"

टायपिस्ट मनकर्णाच्या हातून कार्बन गळून पडला. आबासाहेब मात्र शांत. "पुढच्या सोमवारी या. शब्द ठरला की बघू."

असे तीन सोमवार गेले. चौथ्या सोमवारी गोजरबाईंनी पदराआडून तांब्या काढून टेबलावर ठेवला. आत गढूळ पाणी, वर किडे.

"नदीत झिरा उकरून आनलंय. लेकरं ह्येच पित्यात. ह्याला काय म्हनायचं, त्येवढं बघा तुमच्या पुस्तकात."

मी स्वतःला धुंडाळलं. माझ्यात नव्हतं.

आबासाहेब जेवायला उठले. मनकर्णानं मराठीतच टाईप केलं : 'सातही विहिरी कोरड्या. माणसं अजून जिवंत आहेत. टँकर पाठवावा.' कागद सह्यांच्या गठ्ठ्यात सरकवला. कचेरीच्या मोठ्या साहेबांची रीतच अशी, की सहीची जागा दिसली की वर वाचायचं नाही.

बुधवारी टँकर गेला. आबासाहेब आठवडाभर विचारत होते, "पण शब्द कुठला घातला?"

ते रजेवर गेले तेव्हा मनकर्णानं मला माठाच्या डगमगत्या तिवईखाली सरकवलं. तुम्ही आज बाहेर काढेपर्यंत माठ माझ्यावर झिरपत होता. एकशे बारावं पान शेजारच्या पानाला घट्ट चिकटलंय.

एकच विनवणी. मला उन्हात सुकवू नका. ते पान सुटलं, तर पुढच्या गोजरबाईला पुन्हा सोमवारच मिळायचा.